राहिलं का कोणी?

"राहिलं का कोणी?"

दुकानाच्या पायरीवरून हा प्रश्न आला तेव्हा आत मोजून दोन माणसं होती, मामा आणि मी. मामा मान वर न करता म्हणाला, "कोणी नाही. सुटा." मग पायरीवरच्या माणसाने हवेतली न दिसणारी दोरी दोनदा ओढली, तोंडाने "टिंग टिंग" केलं आणि तो कसबा पेठेच्या बोळात उतरून गेला.

"हे कोण?" मी विचारलं.

"रिटायर्ड कंडक्टर आहेत. गावाचा इतिहास लिहिलाय, छापायचाय. टाइप तू करणार आहेस."

मामाचं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, क्वचित एखादं पुस्तक. मी तिथे डिझाइनचं काम करते, कारण त्या कामात बोलावं लागत नाही. माझी शाळा इंग्रजी. बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा माझं "प्रेझेंट मिस" फक्त पुढच्या बाकावरच्या मुलीला ऐकू जायचं. एका वर्षी माझ्या प्रगतिपुस्तकात सतरा दिवस गैरहजेरी लागली होती. मी एकही दिवस घरी राहिले नव्हते.

असं असताना माझ्या टेबलासमोर हे काका दर मंगळवारी येऊन बसायला लागले. लोणी काळभोरच्याही पुढे, आत वळल्यावर त्यांचं बाभुळटेक. तिथून बसने स्वारगेट आणि स्वारगेटपासून आमच्या दुकानापर्यंत चालत. "पस्तीस वर्षं उभ्याने प्रवास केला," ते म्हणायचे, "आता पायांना जरा हिंडवून आणतो." नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, पण शर्टाच्या खिशात तिकिटाचा पंच अजून होता. एकेक गोष्ट सांगून झाली की ते तो वाजवत. त्यांचं बोलणं संपलंय की नाही, ते त्या आवाजावरून कळायचं.

पहिल्याच मंगळवारी त्यांनी मला विचारलं, "ताई, गाव कोणतं?"

"पुणे."

"पुणे हा पत्ता झाला. मी गाव विचारलं."

तुम्हालाही हा प्रश्न कोणीतरी विचारला असेलच. मला तो आवडत नाही. सरळ आडनाव विचारणं बरं दिसत नाही म्हणून लोक गाव विचारतात, आणि गावावरून काय ते ओळखतात. शिवाय मला खरंच गाव नाही. आजोबा कुठूनतरी भांडून आले होते. वडिलांनी शाळेच्या फॉर्मवर 'नेटिव्ह प्लेस'पुढे पुणे लिहिलं आणि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. मी स्क्रीनकडे बघत राहिले.

त्यांनी पंच वाजवला. "असू दे. आठवलं की सांगा."

मला नंतर लक्षात आलं की या माणसाने आडनाव मात्र मला कधीच विचारलं नाही. मलाच काय, कोणालाही नाही. एकदा मामाने त्यांना त्याबद्दल टोकलं, तर म्हणाले, "आडनावावर तिकीट फाडता येत नाही हो. कुठून कुठे, तेवढं सांगा."

दुकानात येणारं गिऱ्हाईक त्यांच्या तावडीतून सुटत नसे. एक आयटीतला मुलगा पत्रिका छापायला आला होता, घाईत होता, एक कान फोनला. काकांनी त्याला गाव विचारलं. त्याने यवतमाळ सांगितलं. "ते जिल्ह्याचं ठिकाण. त्याच्या पुढे?" मग नदी कोणती, जत्रा कधी, देवळाचं तोंड कुठल्या दिशेला. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्याला येईना. त्याने दुकानातूनच आईला फोन लावला, आणि देवळापासून सुरू झालेलं ते बोलणं वीस मिनिटांनी कोणाच्या तरी म्हशीपाशी संपलं. पत्रिकेचा नमुना पसंत करायचा राहूनच गेला. मामा चिडला. काका म्हणाले, "गाडी थोडी लेट झाली, एवढंच."

आता त्यांच्या इतिहासाबद्दल सांगते. तीन लांब वह्या होत्या आणि त्यांत अकरा प्रकरणं. अकराच का, तर स्वारगेटपासून बाभुळटेकपर्यंत त्यांच्या बसच्या अकरा स्टेज, म्हणजे तिकिटाचे टप्पे, होत्या. स्वारगेटला पहिलं प्रकरण सुरू होऊन दुसऱ्या स्टेजला संपायचं, तिथे दुसरं चढायचं.

"इतिहास कालक्रमाने लिहितात," मामा म्हणाला.

"कालक्रमाने कोण उतरतं?" काका म्हणाले. "माणूस स्टॉपवर उतरतो."

हडपसरचं प्रकरण सगळ्यांत मोठं होतं. मी कारण विचारलं नव्हतं, पण माझा चेहरा वाचून त्यांनीच सांगितलं, "तिथे गर्दी फार असते."

रस्त्यालगतच्या गावांचं बसमधून दिसणारं सगळं पुस्तकात होतं. कालवा आला तेव्हा कोरडवाहू ज्वारीचा ऊस कसा झाला, कुठल्या वळणावरची वेस रस्ता रुंद करताना पडली, कुठल्या देवळाच्या मागे वीरगळ आहेत. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाची आठवण म्हणून कोरलेला दगड, हेही मला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या गावचा एक वीरगळ आता नव्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या खुर्चीचा एक पाय झाला होता. चौथा पाय तुटला होता ना. त्या सोसायटीचं इंग्रजी नाव काकांनी पुस्तकात एकदाही घातलं नाही. "फुकट जाहिरात कशाला?" त्यांच्या पुस्तकात ती 'दहाव्या स्टेजनंतरची उंच इमारत' आहे. "आधी ज्वारी, मग ऊस, आता फ्लॅट," ते म्हणायचे. "पाणी तिन्ही पिकांना लागतं. तिसऱ्याला टँकरने."

वह्यांच्या पानांना जागोजागी बारीक भोकं होती. मी आधी कसर लागली समजले. ती पंचाची होती. जी गोष्ट स्वतः जाऊन पाहिली, निदान दोन माणसांकडून खात्री करून घेतली, तिच्यासमोर ते पंच मारायचे. भोक नसलेल्या वाक्याला 'म्हणतात' जोडायचं, अशी मला सक्त सूचना होती. मी नामवंत माणसांची पुस्तकं वाचली आहेत. त्यांतल्या कितीतरी पानांना भोकं पडली नसती.

टाइप करताना एखादं अक्षर लागलं नाही की मी मान वर करायची आणि ते समजावून सांगायचे. पण ते हाक मारायचे तेव्हा पंचाईत. "ताई!" अशी हाक आली की मी "हं" म्हणायची.

"हं काय, म्हशीसारखं? हाक मारली की ओ द्यावी माणसाने. पोटातून. घशातून दिलेली ओ दारापर्यंतसुद्धा जात नाही."

मी हसायची. ओ मात्र काही द्यायची नाही.

त्यांची एक गंमत तुम्हाला सांगायलाच हवी. समोरच्या टपरीवरून चहा मागवायचा तर ते आधी दुकानातली माणसं मोजायचे. बोटाने नाही. कंडक्टर जसा मागून पुढे नजर फिरवून मोजतो, तसे. मामा, मी, कोणी गिऱ्हाईक. मग पायरीवरून ओरडायचे, "तीन चहा!" तीन चहा यायचे, ते तिघांना वाटायचे आणि रिकाम्या ट्रेकडे बघत राहायचे. "अरे, मी राहिलो." दर मंगळवारी हेच. मामाने एकदा विचारलं, "तुम्ही स्वतःला धरत कसे नाही हो?"

"सीट मोजताना कंडक्टर स्वतःला धरत नाही. सवय. इतकी वर्षं धरलं असतं तर हिशोब लागला नसता." पुढे मामाच टपरीवाल्याला खुणेने सांगायचा, एक जास्त.

अकरावं प्रकरण बाभुळटेकचं. त्याचं पहिलं वाक्य होतं, "बाभुळटेक हे एक्केचाळीस घरांचं गाव." समोर पंच मारलेला होता. एकदा नाही, तीनदा. प्रकरणाच्या शेवटी घरांची यादी यायची होती. ती वहीत नव्हती, ती त्यांना तोंडपाठ होती.

"ही यादी कशाची, ते आधी ऐका," ते म्हणाले. "चैत्रात आमच्या भैरोबाची यात्रा असते. पालखी उचलायच्या आधी गुरव देवळाच्या पायरीवर उभा राहून घरांचा पुकारा करतो. आडनावांचा नाही, घरांचा. वेशीजवळचं घर, विहिरीवरचं घर, दोन जोत्यांचं घर. ज्याचं नाव येईल त्या घरच्या कोणीतरी ओ द्यायची. ओ आली की त्या घराचा नारळ फुटतो."

"आणि नाही आली तर?"

"तर पुढच्या वर्षापासून गुरव ते नाव घेत नाही. मग ते घर नव्हतंच."

त्यांनी पंच वाजवला नाही. म्हणजे बोलणं संपलं नव्हतं.

"नऊ घरं मोकळी हायेत, ताई. जमिनी विकून कोण कुठे, कोण कुठे गेलं. त्या नऊ घरांची ओ मीच देतो. वेगवेगळ्या आवाजात. विहिरीवरच्यांची जरा खोकून द्यावी लागते. त्यांच्यात सगळ्यांना दमा."

"गुरवांना कळत नाही?"

"न कळायला काय झालं? देवालाही कळत असेल. नारळ फुटतोय म्हटल्यावर दोघंही गप बसतात." त्यांनी पंच हातात फिरवला. "पण मी किती वर्षं देणार? आणि गुरव आता ऐंशीला टेकले. मधलीच नावं विसरतात. म्हणून हे पुस्तक. पहिली प्रत गुरवांच्या हातात. यादी छापलेली असली की बघून पुकारा होईल. यादीत आलं ते घर राहिलं."

एवढं मोठं पुस्तक त्यांनी कशासाठी लिहिलं, ते मला तेव्हा कळलं. बाकीची दहा प्रकरणं म्हणजे त्या एका पानापर्यंत पोचायचा रस्ता होता.

मग ते नावं सांगू लागले. एकेक नाव पुकारायचे आणि त्याची ओ स्वतःच द्यायचे. मोकळ्या नऊ घरांच्या वेळी आवाज बदलायचे. बोळातून जाणारी माणसं दारात थांबून आत बघू लागली. मी मान खाली घालून टाइप करत होते, पण हसू आवरत नव्हतं. शेवटी दम लागून ते बसले आणि एकदम म्हणाले, "तुम्हाला गाव नाही ना? मग आमचं घ्या. जागा हाय. एक घर ठेवतो तुमच्यासाठी. खिडकीजवळचं देऊ?"

मी कीबोर्डकडे वळले. काही बोलले असते तर रडले असते, आणि ते मामासमोर मला चाललं नसतं.

"रिझर्व्ह ठेवतो," ते म्हणाले. "घाई नाही."

ते गेल्यावर मी यादी मोजली. चाळीस भरली. परत मोजली, चाळीसच. पहिल्या वाक्यात एक्केचाळीस, यादीत चाळीस. मी प्रूफ काढलं आणि यादीच्या खाली, समासात, पेन्सिलने एक छोटं प्रश्नचिन्ह केलं. अगदी छोटं. माझ्या 'प्रेझेंट मिस'एवढं.

पुढच्या मंगळवारी काकांनी प्रूफ उजेडात धरलं, भिंगातून ओळ न ओळ वाचलं. मग शेवटच्या पानावर आले. त्यांनी प्रश्नचिन्हावर फुंकर मारली. ते उडालं नाही. मग खिशातून खोडरबर काढून त्यांनी ते नीट पुसून टाकलं. "माशी बसली होती वाटतं," ते म्हणाले. "शंका हाय का काही, ताई? असली तर बोला."

मी मान हलवली. नाही.

का, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. ज्या माणसाला गावातली सगळी घरं पाठ, त्याला त्याच्याच गावात एक घर कमी पडतंय हे मी सांगायचं? ज्या मुलीने ते गाव पाहिलंही नाही, तिने? त्यांना माहीत असेल, मी म्हटलं. माझंच मोजायला चुकलं असेल, असंही म्हटलं.

ते उठले, पायरीपाशी गेले आणि वळून म्हणाले, "राहिलं का कोणी?"

मामा त्या दिवशी कागद आणायला गेला होता. त्यामुळे उत्तर मला द्यावं लागलं.

"नाही," मी म्हणाले. "सुटा."

दिवाळीआधी पुस्तक झालं. मुखपृष्ठ जुन्या तिकिटाच्या फिक्या गुलाबी रंगाचं, तो हट्ट त्यांचा. गठ्ठे पाठवायला मामाने पत्ता विचारला. "चिंचेखालचं घर, बाभुळटेक."

"पिनकोड?"

"पोस्टमनला चिंच माहीत हाय."

पहिली प्रत गुरवांना दिल्याचं त्यांनी पुढच्या मंगळवारी येऊन सांगितलं. गुरवांनी ती कपाळाला लावली म्हणे. काम संपलं होतं तरी मंगळवार संपले नाहीत. काका यायचे, गिऱ्हाइकांना गाव विचारायचे, एक चहा कमी मागवायचे.

जानेवारीत एका मंगळवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही मंगळवारी नाही. मामाने फोन केला. तो त्यांच्या मुलीने उचलला. ती लग्न होऊन बडोद्याला असते, वडिलांसाठी आली होती. मामा बराच वेळ नुसता "हो, हो" म्हणत राहिला. फोन ठेवून म्हणाला, "झोपेतच गेले." तेवढ्यात टपरीवरून चहा आला. सवयीने एक जास्त. तो ग्लास आम्ही कोणीच उचलला नाही.

चैत्रात मी बाभुळटेकला गेले. मामाला सांगितलं की डेंटिस्टकडे जाते आहे. स्वारगेटला बसमध्ये बसले आणि एकेक प्रकरण खिडकीतून मागे जाताना पाहिलं. हडपसर खरंच फार लांबलं. उतरायची वेळ आली तेव्हा बसमधल्या यंत्राने बाभुळटेकऐवजी त्या सोसायटीचं नाव घेतलं, जे मी इथे लिहिणार नाही.

देऊळ लहान होतं, मागे उंच इमारत. बाल्कन्यांमध्ये लोक मोबाइल धरून उभे. पायरीवर गुरव, जाड चष्मा, हातात आमचं गुलाबी पुस्तक. मी बायकांच्या मागे भिंतीशी उभी राहिले. पुकारा सुरू झाला. वेशीजवळचं घर. ओ. नारळ फुटला. मग पहिलं मोकळं घर आलं, दोन जोत्यांचं. आता कोण?

"ओ!"

सोसायटीच्या वॉचमनने दिली होती. गणवेशात, टोपी काढून. शेजारच्या बाईने मला कुजबुजत सांगितलं, "कंडक्टर त्याला देऊन गेलेत ते घर. वाशिमकडचा हाय तो." विहिरीवरचं घर आलं तेव्हा एका बस कंडक्टर बाईने ओ दिली, आणि आधी खोकली. लोक हसले. कोणी रसवंतीवाला, कोणी शाळेतल्या बाई. नऊच्या नऊ घरांना माणसं मिळाली होती. काकांनी सगळी गाडी भरून ठेवली होती.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण खरं सांगते, जरासं वाईटही वाटलं. माझ्यासाठी रिझर्व्ह ठेवलेलं मग कुठलं? मी बोटांवर मोजत गेले. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.

गुरवांनी पुस्तक मिटलं. "झालं. उचला पालखी."

ढोलवाल्याने टिपरू वर नेलं. मी वाट बघत होते की आता कोणीतरी विचारेल. पालखी सुटायच्या आधी हा प्रश्न विचारतात, असं मला उगाचच वाटत होतं. पण तो विचारणारा माणूस नव्हता. आणि देवळासमोर, रस्त्याच्या पलीकडे, कुलूप लावलेल्या एका घरावर चिंच पसरली होती.

सीट मोजताना कंडक्टर स्वतःला धरत नाही.

"थांबा!"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. तो माझा आवाज होता हे मला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

गुरवांनी चष्मा सारखा केला. "काय झालं, पोरी?"

"एक घर राहिलं. चिंचेखालचं."

त्यांनी पुस्तक उघडलं, शेवटच्या पानावरून बोट खालपर्यंत नेलं. "ह्यात न्हाई."

"ते स्वतःला धरायला विसरले. मला माहीत होतं एक कमी आहे. मी बोलले नाही."

गुरव माझ्याकडे बघत राहिले. मग चिंचेकडे. मग त्यांनी पुस्तक काखेत मारलं आणि न बघता, बाकी सगळ्या नावांपेक्षा मोठ्याने पुकारा केला.

"चिंचेखालचं घर!"

कोणाचीच ओ आली नाही. वॉचमनने माझ्याकडे पाहिलं. त्या बस कंडक्टर बाईनेही. मी पोटातून श्वास घेतला.

"ओ!"